क्रमांक एकचा पडदा

१

रोज सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की अनुपमाचे वडील चार ठिकाणी एकदम बोलायला लागत.

एक दुकानात, काउंटरवरच्या टीव्हीत. एक मागच्या बैठकीत, जिथे मोठ्या शेतकऱ्यांना बसवून चहा पाजला जाई. एक वरच्या मजल्यावर, हॉलमधल्या भिंतभर टीव्हीत. आणि एक सासूबाईंच्या, म्हणजे तानुबाईंच्या खोलीत, देव्हाऱ्याला खेटून. चारही ठिकाणी तोच हिरवागार कापूस, तेच पांढरं धोतर, तोच बोंडावर ठेवलेला हात. "नमस्कार शेतकरी बंधूंनो. मी कडूबा. मला विचाराल तर यंदा हेच बियाणं लावा. अळीची चिंता मिटली. माझा शब्द आहे."

मिटली म्हणे! अनुपमा स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायची आणि त्या शब्दाशी तिचं लाटणं रोज अडायचं. गेल्या साली याच बियाण्याचं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी वळवळायची. दिवाळीनंतर लोकांनी कापसाच्या उभ्या पऱ्हाटीत शेळ्या सोडल्या होत्या. तरी यंदा पेरणीच्या तोंडावर तिच्या सासऱ्यांनी, भगवानरावांनी, आपल्या कृषी केंद्रात तीच फिल्म पुन्हा लावली. बदलली होती ती फक्त वडिलांच्या डाव्या हातातली थैली. कंपनीनं जुन्या थैलीच्या जागी कॉम्प्युटरवर नवी चिकटवून दिली होती. नाव नवं, रंग नवा, आत काय असेल ते देव जाणे. बोलणारं तोंड मात्र जुनंच ठेवलं, कारण ते खपत होतं.

कडूबांनी ते काम हौसेनं केलेलं नव्हतं. अनुपमाच्या माहेरी, बीबी गावच्या बाजारात लोक त्यांना विचारून बियाणं घ्यायचे, कारण वाईटाला ते तोंडावर वाईट म्हणायचे. कंपनीला असाच माणूस हवा होता. भगवानरावांनी शब्द टाकला आणि विषय संपला. आपल्याकडे मुलीच्या बापानं व्याह्याला नाही म्हणायची रीतच नाही. पोरगी त्या घरात नांदायची असते. देऊळगाव राजाजवळ कुणाच्या तरी ठिबकवरच्या प्लॉटात कडूबांना उभं केलं. बोंडं कमी दिसतात म्हणून फिल्मवाल्यांनी झाडांना दोऱ्यानं जास्तीची बोंडं बांधली. कडूबांना ते दिसत होतं. पण डोक्यावर छत्री धरून स्वतः भगवानराव उभे होते, मग बोलणार काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. इथे तर तोंड उघडायला लावून मारलं होतं.

अनुपमानं नवऱ्याला, प्रेमला, कितीदा तरी सांगितलं, "अहो, बंद करा ते. माह्या बाबाचं हसं होऊन राह्यलं तिकडे."

"बाबाले सांग," प्रेम म्हणायचा. आणि स्वतः कधी सांगायचा नाही.

२

हे चार टीव्ही एकत्र बोलायला लागले ते प्रेमच्या उद्योगामुळे.

प्रेमला दुकानात रस नव्हता. त्यानं हॉलमध्ये सिनेमे बघायला एक कॉम्प्युटर जोडून घेतला होता, होम थिएटरचा; काळा डबा, बाजूला दोन उंच स्पीकर. सिनेमा लागला की खालच्या मजल्यावरच्या औषधांच्या बाटल्या कपाटात किणकिणायच्या. भगवानरावांनी ते एकदा ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. घरात एवढं यंत्र आहे, तर त्यातूनच चारही टीव्हींना फिल्म का देऊ नये? गिऱ्हाईक दुकानात असो, बैठकीत असो, वर जेवायला आलेलं असो, कानावर एकच गोष्ट पडली पाहिजे.

चित्राचं काम सोपं होतं. एक छोटी डबी आणली, तिच्यातून चार वायरी काढल्या, की एका पडद्याचे चार पडदे. आवाजानं मात्र प्रेमला रडकुंडीला आणलं. कॉम्प्युटर आवाज एकाच ठिकाणी द्यायचा. दुकानात कडूबा बोलायला लागले की बैठकीतले कडूबा नुसते ओठ हलवायचे.

"मुका टीव्ही कोण पाह्यते बे?" भगवानराव ओरडायचे.

शेवटी कुठून तरी एक प्रोग्राम उतरवून प्रेमनं आवाज सगळीकडे सोडला, पण तो एकदम पोचेना. दुकानातला आधी, बैठकीतला मग, सासूबाईंच्या खोलीतला सगळ्यात शेवटी. अख्ख्या घरात "शब्द आहे, ब्द आहे, आहे" असं चालायचं. अनुपमाचं डोकं उठायचं. आपल्या बापाचा शब्द असा घरभर उष्टा होताना कोणत्या लेकीला ऐकवेल?

"आता जमते," प्रेम एक दिवस म्हणाला. "जो सगळ्यात उशिरा पोचते, त्याच्यासाठी बाकीच्याइले थांबवायचं. मंग सगळे संगच बोलते."

आणि जमलं. चारही आवाज एकमेकांत बसले, एकाच माणसाचे झाले. फक्त एक गोष्ट अनुपमाच्या लक्षात आली आणि मग लक्षातून जाईना. फिल्म लावली की चारही टीव्ही लगेच बोलत नसत. पडदा उजळायचा, कडूबा दिसायचे, आणि एक मोठा श्वास घ्यावा एवढा वेळ सगळीकडे शांत. मग एकदम "नमस्कार".

"हे काऊन थांबते?" तिनं विचारलं.

"सांगितलं ना. शेवटच्याची वाट पाह्यते."

"शेवटचा कोणता?"

प्रेमनं डोकं खाजवलं. एवढा उशीर चौघांपैकी एकालाही लागत नव्हता. त्यानं तो आकडा कमी करून पाहिला, तर सगळे पुन्हा विस्कटले. पुन्हा वाढवला, तर बसले. "कायचं तरी असंन," तो म्हणाला आणि उठून गेला. यंत्र चाललं की हा माणूस प्रश्न विचारायचं बंद करतो, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

३

आईला, सरस्वतीबाईंना, ती रोज सकाळची कामं आटोपली की फोन करायची. त्या दिवशीही केला. खुशाली झाली, शेजारच्या सुगराबीच्या वांग्यांना भाव मिळाला नाही ते झालं, आणि मधेच फोनमध्ये मागून आवाज आला. "अळीची चिंता मिटली."

हॉलमधला टीव्ही चालूच होता, त्यामुळे तिला नवल वाटलं नाही. कधी कधी आपलाच आवाज फोनमधून परत येतो, तसा हा येत असेल. ती उठून गच्चीवर गेली, दार ओढून घेतलं. खालचा आवाज आता पुसट झाला, रस्त्यावरच्या ऑटोंमध्ये मिसळून गेला. फोनमधला मात्र तसाच, स्वच्छ. उलट आता तिच्या ध्यानात आलं की फिल्ममध्ये वडिलांच्या बोलण्याखाली सनई वाजते, आणि फोनमध्ये सनई नव्हती. नुसतंच बोलणं होतं.

"आई, तू टीव्ही लावला का?"

"लाइटच नाही पहाटपासून."

"मंग ते कोण बोलून राह्यलं?"

"कोण नाही वं. तुहे बाबा."

"कोणासंग बोलून राह्यले?"

"तू जेवली का?" आई म्हणाली.

अनुपमाच्या कानशिलाला घाम आला. उन्हाचे दिवस, गच्ची तापलेली, म्हणून असेल. तिनं स्वतःला समजावलं. बाबांना ती फिल्म जिव्हारी लागली आहे, म्हातारं माणूस मनातलं पुटपुटत असेल. वाईटच, पण समजण्यासारखं आहे. मग तिनं गच्चीचं दार पुन्हा उघडलं. खालून "माझा शब्द आहे" वर आला आणि फोनमधूनही आला, आणि दोन्हींमध्ये केसाचंही अंतर नव्हतं.

आईनं "ठेवते मी" म्हणून फोन ठेवला.

४

दुपारी प्रेम जेवून हॉलमध्ये लोळत होता. अनुपमानं त्याला उठवून कॉम्प्युटरपुढे बसवलं.

"याच्यात दिसते का, कुठं कुठं चालू आहे ते?"

"दिसते ना." त्यानं एक खिडकी उघडली. निळ्या चौकोनांची रांग होती, प्रत्येकात आकडा. चौकोन पाच होते.

"टीव्ही तं चारच हाय," अनुपमा म्हणाली.

"जुना कोणता तरी राह्यला असंन. एकदा जोडला की हे विसरत नाही." पण त्याचा आवाज जरा उतरला होता. त्यानं एक बटण दाबलं. कोणता आकडा कोणत्या टीव्हीचा ते कळण्यासाठी असतं ते. दाबलं की प्रत्येक पडद्यावर त्याचा त्याचा नंबर मोठा उमटतो. हॉलमध्ये कडूबांच्या छातीवर पांढरा चार उमटला.

अनुपमा पळत सासूबाईंच्या खोलीत गेली. तिथे पाच होता. तानुबाई कुशीवर झोपल्या होत्या. ती जिना उतरून खाली गेली. "पुन्हा दाबा!" ती खालून ओरडली. दुकानात दोन. बैठकीत तीन. बैठकीत बसलेला एक पाहुणा तिच्याकडे बघून हसला. घरची सून डोक्यावर पदर न घेता टीव्ही मोजत फिरते म्हटल्यावर हसणारच.

ती वर आली तेव्हा प्रेम त्या पहिल्या चौकोनाला काढून टाकायला बघत होता. त्याच्यावर बाण नेला की खाली बारीक अक्षरं येत होती. मुख्य पडदा, असं त्या अक्षरांत लिहिलं होतं. बाकीचे चार त्याच्या नकला.

"एक कुठं हाय?" अनुपमानं विचारलं.

"मले काय माहीत?" प्रेम चिडून म्हणाला. त्याला घाम फुटला होता, आणि पंखा तर डोक्यावर फिरत होता. "काढला तं चारही बंद पडते. बाबा जीव घेतीन माहा. राहू दे ना वं, तुले काय करते तो?"

५

दुसऱ्या दिवशी तिनं कुणाला न विचारता मेहकरची एसटी पकडली. सासूबाईंनी दारातून "कुठं चालली वं?" विचारलं, तिनं उत्तर दिलं नाही. सिंदखेड राजा गेलं, दुसरबीड गेलं. दोन्ही बाजूंनी नांगरलेली काळी रानं पेरणीची वाट बघत पडली होती. गेल्या साली याच रानांमधून वडिलांच्या शब्दावरचं बियाणं पडलं होतं. आता पुन्हा पडणार, आणि शिव्या पुन्हा त्यांनाच.

बीबीला घराच्या वळणावरच सुगराबी भेटली. हातातली वांग्यांची पाटी तिनं खाली ठेवली.

"आली का बेटा? बरं झालं. तुह्या आईनं तुले सांगू दिलं नाही. लेकीच्या सासरचं काम हाय म्हणे, बोभाटा कायले करायचा." सुगराबीनं पदरानं तोंड पुसलं. "म्याही तेच बियाणं लावलं होतं, कडूभाऊच्या भरोशावर. लय राग होता माह्या पोटात. दारात जाऊन किडकी बोंडं टाकून आली होती मी. आता राग कोणावर करू? जाय, पाह्य तूच."

ओसरीत बाजेवर कडूबा बसले होते. पाठ ताठ. अंगात मळकी बंडी. उजवा हात हवेत पुढे, बोटं अलगद मिटलेली, जणू त्यांत बोंड आहे. डावा हात छातीशी, थैली धरल्यासारखा. समोर भिंत होती. त्या भिंतीला ते सांगत होते, "नमस्कार शेतकरी बंधूंनो. मी कडूबा. मला विचाराल तर..."

जन्मात त्यांनी घरात असली पुण्याची भाषा केली नव्हती. ओठ फुटून त्यांवर खपल्या धरल्या होत्या. सरस्वतीबाई शेजारी ताटली घेऊन बसल्या होत्या. "माझा शब्द आहे" झालं, की एक श्वासभर ते थांबत. तेवढ्यात त्या त्यांच्या तोंडात वरणभाताचा चमचा घालत. घास गिळला न गिळला तोच पुन्हा "नमस्कार". शितं हनुवटीवर सांडत. अनुपमाला ती मधली शांतता ओळखू आली. घरात रोज ऐकत होती ती.

"कव्हापासून?"

"दुकानात सुरू झालं तव्हापासून असंन. शटर पडलं की निजते बिचारे. मेहकरले दाखवलं, डाक्टरनं झोपेच्या गोळ्या देल्या. झोपेतही बोलले." आईचे डोळे कोरडे होते. रडून झालेलं असावं.

अनुपमानं प्रेमला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिचा स्वतःवर विश्वास उरला नव्हता, म्हणून खात्री करायची होती. दुःखानं माणसाला भास होतात, हे तिनंही ऐकलं होतं. आईला भास, सुगराबीला भास, तिलाही भास. पण यंत्राला तर होत नसेल?

"ते आकड्याचं बटण दाबा."

"काऊन? तू कुठं हाय?"

"दाबा म्हणते ना!"

फोनमधून माउसची टिकटिक ऐकू आली. कडूबा वाक्याच्या मधेच थांबले. मान न हलवता, त्याच सपाट आवाजात म्हणाले, "एक." आणि पुढचं वाक्य तुटलं होतं तिथूनच सुरू झालं.

फोनमधली प्रेमच्या माउसची टिकटिक थांबली. त्यानं ऐकलं होतं.

"बंद करा," अनुपमा म्हणाली. तिचा आवाज फाटला. "आत्ता बंद करा, अख्खं!"

कडूबांचा हात एकदम बाजेवर पडला. खांदे खचले. त्यांनी डोळे मिचकावले, खूप वेळ न मिचकावल्यासारखे, आणि लेकीकडे पाहिलं.

"अनु. कव्हा आली वं?"

सरस्वतीबाईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्या तोंडाला लावला. ते घटाघटा प्याले. मग तिचा हात धरून घाईघाईनं बोलायला लागले. "मले सगळं समजते. म्या बोलतो ते ऐकू येते. थांबवता येत नाही. ती बोंडं बांधेल होती, अनु, दोऱ्यानं. मले दिसलं होतं. लोक पुन्हा तेच घेतीन. माहं नाव सांगून घेतीन. तू पह्यले ते बंद..."

त्यांचा हात तिच्या हातातून सुटला आणि हळूहळू वर उचलला गेला. डोळे तिच्यावरच होते. एक श्वास गेला. "नमस्कार शेतकरी बंधूंनो."

"बाबा आले वर," फोनमध्ये प्रेम पुटपुटत होता. "गिऱ्हाईक थांबलं होतं. म्या काय करू, अनु? तेच ओरडले, चालू कर म्हणे."

६

परतीच्या एसटीत तिला रडू आलं नाही. संताप एवढा होता की रडायला जागाच नव्हती. भीती वाटत होती ती वेगळी, खोल कुठेतरी. पण तिच्यावर संताप बसला होता म्हणून ती वर येत नव्हती. भुतंखेतं तिला कळत नव्हती आणि कळून घ्यायचीही नव्हती. एका माणसाला न विचारता चार ठिकाणी बोलायला लावलं, हे तिला कळत होतं. पाचव्या ठिकाणी तो स्वतः सापडला, एवढंच काय ते नवीन.

दुकानात गर्दी होती. सरकारनं कापसाचं बियाणं विकायला सुरुवात करायची तारीख ठरवून दिली होती आणि ती आजची होती. माणसं काउंटरला चिकटून उभी होती, माना वर करून टीव्ही बघत होती. तिनं भगवानरावांना मागच्या बैठकीत यायला सांगितलं. ते आले, कारण सून अशी कधी बोलत नसे.

तिनं सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. बाजेवरचा माणूस, तोंडातला घास, "एक". प्रेम दाराशी येऊन उभा राहिला होता. "तुमी सांगा," ती त्याला म्हणाली. "तुमी ऐकलं ना?"

प्रेमनं मान खाली घातली आणि हलवली. हो म्हणून हलवली. तेवढं केलं त्यानं.

तिला वाटलं होतं, सासरे हसतील, वेड्यात काढतील, निदान अंगारा आणायला धाडतील. भगवानराव हसले नाहीत. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग हनुवटी चोळत विचारलं, "तिथंही लोक जमते का ऐकाले?"

अनुपमाला आधी कळलंच नाही.

"म्हणजे बीबीले," ते म्हणाले. "ओसरीतून बोलते म्हनते तू. आवाज रस्त्यापर्यंत जाते का? त्या बाजूले आपलं दुकान नाही ना."

"मामाजी, मरतीन ते!"

"काय बोलते हे, सूनबाई? तुहे बाबा, आपले इवाई, कोण्या परक्याचं काम करून राह्यले का? हंगाम हाय, महिनाभराची गोष्ट. मंग बंदच करतो ना मी." ते उठले. टीव्हीतल्या कडूबांकडे त्यांनी कौतुकानं पाहिलं. "नशिबानं मिळते असा माणूस. लोकाइचा भरोसा हाय त्यायच्यावर."

आणि ते बाहेर गिऱ्हाइकांकडे गेले. जाताना त्यांनी आवाज थोडा वाढवला.

७

ती वर गेली. प्रेम मागून "अनु, ऐक ना वं" म्हणत आला, पण त्यानं तिला धरलं नाही.

तिनं आधी भिंतीतली पिन ओढली. मग छोट्या डबीच्या चारही वायरी. वायरी घट्ट बसल्या होत्या, एक उपटताना तिचं नख मोडलं. हॉलमधल्या पडद्यावर काळोख झाला. घर एकाएकी इतकं शांत झालं की खालचं माणसांचं कुजबुजणं ऐकू आलं. तेवढ्यानं तिचं समाधान होईना. पिन पुन्हा लावता येते. वायरी पुन्हा जोडता येतात, आणि या घरात जोडणारे हात होते. तिनं तो काळा डबा दोन्ही हातांनी उचलला, जिन्यापर्यंत नेला आणि वरून सोडून दिला.

तो पायऱ्यांवर आपटत, फुटत, खाली बियाण्याच्या खोक्यांजवळ जाऊन पडला. पत्रा एकीकडे, आतली हिरवी सर्किटची पाटी एकीकडे. दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली. भगवानरावांच्या हातात थैली तशीच राहिली.

"झालं बंद," अनुपमा जिन्यातून म्हणाली. तिला धाप लागली होती. "माह्या बाबाच्या नावावर आता कोणी काही इकणार नाही."

काउंटरवरचा टीव्ही काळा होता. क्षणभर. मग तो उजळला.

पडद्यावर कापूस नव्हता. सनई वाजत नव्हती. निळसर चुन्याची एक भिंत होती, तिला टेकलेली बाज होती. बाजेवर मळकी बंडी घातलेला म्हातारा ताठ बसलेला होता. कडेनं सरस्वतीबाईंचा हात येऊन त्याची हनुवटी पुसून गेला. एक श्वास गेला. मागच्या बैठकीतून, वरच्या हॉलमधून, देव्हाऱ्याजवळून, चारही ठिकाणांहून एकदम आवाज आला. "नमस्कार शेतकरी बंधूंनो."

प्रेम जिन्यात आला होता. त्याच्या हातात उपटलेली वायर होती, तिचं दुसरं टोक कशातच नव्हतं.

पडद्यातले कडूबा बघत होते. भिंतीकडे नाही, इकडे. दुकानातल्या माणसांवरून त्यांची नजर फिरली आणि जिन्यावर येऊन थांबली. त्यांनी लेकीला पाहिलं. मोठ्या कष्टानं, जड वस्तू उचलावी तसा त्यांनी हवेतला उजवा हात आपल्या तोंडाकडे आणला. मग डावाही आणला. दोन्ही तळव्यांनी त्यांनी आपलं तोंड गच्च दाबून धरलं. बोटांची पेरं पांढरी पडली, गालांत रुतली.

आवाज जराही दबला नाही. "मला विचाराल तर यंदा हेच बियाणं लावा," तो म्हणत होता. "अळीची चिंता मिटली."

"पाह्या!" अनुपमा किंचाळली. "अहो, पाह्या ना त्यायच्याकडे! तोंड दाबून बसले ते! दिसत नाही का तुमाले?"

माणसं बघत होती. काहींनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा पायाजवळच्या फुटक्या पत्र्याकडे. भगवानरावांनी हातातली थैली काउंटरवर ठेवून सरकवली.

"माझा शब्द आहे," चारही ठिकाणांहून आलं.

सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्यानं टोपी सारखी केली आणि थैली जवळ ओढली. "अजून एक द्या," तो म्हणाला. "कडूबा खोटं सांगत नसते."